दोन गाड्या, चार गडी आणि गाविलगड: मित्रांसोबतच्या तीन दिवसांच्या प्रवासाची तयारी कशी करावी

वऱ्हाडच्या खारपाणपट्ट्यातल्या (जिथे जमिनीखालचे पाणी खारे असते) आमच्या गावाच्या कोणत्याही शेतात उभे राहून पावसाळा सरल्यावर उत्तरेकडे पाहिले, की सातपुड्याची निळी रांग दिसते. आमच्या पिढीतले पुरुष ही रांग बघत मोठे झाले, त्यांची लग्ने झाली, कानशिलावरचे केस पिकले. पण चार मित्र मिळून त्या डोंगरात पायी फिरले, असे गावात शोधायला गेले तर हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे गेले ते पाहुण्यांना चिखलदरा दाखवायला, नाहीतर एखाद्या धरणाच्या काठी मटण शिजवून बाटल्या रिकाम्या करायला, आणि त्यालाच आपण मित्रांची सहल म्हणतो.

गावात माझे सेवा केंद्र आहे. सातबारा काढणे, पीकविम्याचे आणि कर्जाचे अर्ज भरणे हे माझे रोजचे काम. या कामामुळे एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. माणूस टेबलापलीकडे बसून कर्ज किती, थकलेले किती, कोणता गट गहाण आहे हे सगळे मला घडाघडा सांगतो, कारण अर्जात तो रकाना असतो. पण तोच माणूस संध्याकाळी पानठेल्यावर ज्या मित्राच्या खांद्याला खांदा लावून दोन तास उभा असतो, त्याला यातले अक्षरही ठाऊक नसते. तिथे "काय चाललं गा?" असा प्रश्न येतो आणि "चालू आहे बाप्पा" असे उत्तर जाते. वीस-वीस वर्षांची दोस्ती या दोन वाक्यांवर चाललेली मी पाहिली आहे, त्यात माझीही होती.

हा लेख त्या रकान्याबद्दल आहे. चार मित्रांनी तीन दिवसांचा प्रवास असा कसा आखावा, की मुद्दाम "चला, मन मोकळे करू" असे कोणाला म्हणावे लागणार नाही, पण मन मोकळे करायला जागा मात्र राहील, हे मी गेल्या काही वर्षांत चुका करत शिकलो आहे. उदाहरण म्हणून अमरावती जिल्ह्यातले थंड हवेचे ठिकाण चिखलदरा आणि त्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला आहे, कारण आमच्यासाठी तो दुचाकीच्या टप्प्यात आहे. बुलढाण्याकडच्या मंडळींना लोणारच्या विवराच्या कडेने फिरता येईल, यवतमाळकडच्यांना पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा गाठता येईल. पद्धत तीच राहील.

कोणाला हे शहरी खूळ वाटत असेल, तर त्याने घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. आपल्याकडचे पुरुष महाशिवरात्रीला पचमढीच्या मोठ्या महादेवाला जात, चौरागडावर त्रिशूळ वाहत, नागपंचमीच्या दिवसांत नागद्वारची अवघड वाट चालत, आणि अजूनही जातात. शेगावची पायदळ वारी तर गावोगाव निघते. माझ्या वडिलांच्या तोंडी एक शब्द असे, 'पचमढीचा सोबती'. सख्ख्या भावाला जे सांगत नसत ते ते त्या सोबत्याला सांगत. ते बैलगाडीने गेले होते. वाटेत बैलांना पाणी दाखवणे, गोवऱ्यांवर रोडगे भाजणे, रात्री आळीपाळीने जागणे ही कामे दोघांनी मिळून केली, आणि ते नाते त्या कामांतून आले. आज तीच यात्रा गाडीत गाणी लावून दीड दिवसात उरकली जाते. देव तोच आहे, पण सोबत राबण्याची वेळ त्यातून निघून गेली आहे.

आपल्या भाषेत 'गडी' म्हणजे पुरुष, 'गडी' म्हणजे शेतात राबणारा आणि 'गडी' म्हणजे खेळातला जोडीदारही. एका शब्दात हे तिन्ही अर्थ राहू शकतात, हे तारीख ठरवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. पुढचे बरेच नियम त्यातूनच निघतात.

किती जण आणि केव्हा

चारच जण घ्यावेत. दोन गाड्या, दोन जोड्या. आठ जण झाले की त्यात एक पुढारी तयार होतो, एक विनोद करणारा ठरतो, दोघे मोबाइलवर असतात आणि उरलेले चौघे टाळ्या देतात. तिघांमध्ये एक नेहमी एकटा मागे राहतो. चौघांत एखादा तरी असा असावा जो गाव सोडून पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेला आहे. तो सुट्टीवर आला की आपण त्याला चहा पाजतो, गावच्या बातम्या सांगतो आणि त्याचे बरे चालले आहे असे गृहीत धरतो. भाड्याच्या खोलीत एकटे राहणाऱ्या माणसाचे बरे चालले असेलच असे नाही.

तारीख पंचांगात बघण्याआधी शेतात बघावी. आमच्या भागात जानेवारीच्या शेवटी तूर निघून गेलेली असते, कापसाची वेचणी संपत आलेली असते आणि हरभरा अजून घाट्यात हिरवा असतो. सोंगणीला वेळ असतो. हे आठ-दहा दिवस सगळ्यांत चांगले. दुसरी संधी पोळ्यानंतर मिळते, पण तेव्हा फवारणी कधी काढावी लागेल याचा भरवसा नसतो आणि घाटात पाऊस व धुके असते, म्हणून पहिल्या प्रवासासाठी मी ती सुचवणार नाही. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडच्या उन्हात गडावर पायी फिरणे हा मर्दपणा नव्हे, तो आडदांडपणा आहे.

ज्याची शेती सर्वांत कमी आणि काम सर्वांत जास्त, त्याच्या सोयीचा दिवस धरावा. मजुरीला जाणाऱ्याचा तीन दिवसांचा रोज बुडतो, नोकरदाराची फक्त रजा खर्च होते. या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत, हे आधीच बोलून घेतले तर ऐनवेळी "माझं काही जमत नाही गड्या" असे म्हणून तो मागे फिरत नाही.

घर, पैसा आणि गोळ्या

"बायकोची परवानगी घेतली का?" हा विनोद पुरुषांच्या प्रत्येक सहलीत होतो आणि तो मला पटत नाही. आपण तीन दिवस बाहेर असतो तेव्हा म्हशीची धार, वासराचा चारा, नळाला पाणी येईल तेव्हा भरून ठेवणे, म्हाताऱ्या आईचे औषध ही सगळी कामे कोणाच्या तरी अंगावर पडतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तीन दिवसांचे कुटार भरून ठेवावे, सरपण फोडून द्यावे, सिलिंडर पाहावा, आणि घरच्या माणसाला आपण कुठे, कोणासोबत आणि कधीपर्यंत आहोत हे कागदावर लिहून द्यावे. त्यानंतर घरधनीण माहेरी किंवा तिच्या मैत्रिणींसोबत तीन दिवस गेली तर आपण हेच सगळे सांभाळू, असे कबूल करावे आणि खरेच सांभाळावे. आमच्यातल्या एकाने पहिल्यांदा हे कबूल केले, तेव्हा त्याला पोळ्या लाटता येत नाहीत हे उघड झाले. आता तो बऱ्यापैकी भाकरी थापतो.

पैशांच्या बाबतीत ज्याच्या खिशात सगळ्यांत कमी, त्याचा आकडा तोच सगळ्यांचा आकडा. हा आकडा चारचौघांत विचारू नये. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावा आणि सर्वांत लहान आकडा घ्यावा, म्हणजे तो कोणाचा हे कळत नाही. तेवढी कॉन्ट्री जमा झाली की ती एका पिशवीत ठेवावी, पेट्रोलपासून चहापर्यंत सगळे त्यातूनच द्यावे आणि वहीत टिपावे. हॉटेलच्या गल्ल्यापाशी "मी देतो, मी देतो" अशी जी ओढाताण चालते तिला आपण दिलदारी समजतो, पण ज्याला देता येत नाही तो त्या क्षणी बाहेर जाऊन फोनवर बोलण्याचे नाटक करतो. मी स्वतः ते नाटक केलेले आहे.

तिसरी तयारी गोळ्यांची. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकाला रक्तदाबाचा त्रास आहे हे बाकी तिघांना ठाऊक नव्हते. आपण आजारी आहोत असे दिसू नये म्हणून त्याने गोळ्या घरीच ठेवल्या होत्या. चढावर त्याला घेरी आली, तो खाली बसला, आणि आम्ही त्याला "काउन बे, इतक्यात थकला?" म्हणून हसलो. अर्धा तास सावलीत पडून राहिल्यावर त्याने खरे सांगितले, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली होती. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चौघे एकत्र बसतात आणि प्रत्येक जण आपल्या गोळ्या पाटावर मांडतो: साखरेच्या, रक्तदाबाच्या, पित्ताच्या, झोपेच्या. कोणती केव्हा घ्यायची हे दुसऱ्या एकाला सांगून ठेवायचे. दहा मिनिटांचे काम आहे. पण चाळिशीच्या पुरुषांनी एकमेकांसमोर गोळ्या मांडणे ही या सगळ्या प्रवासातली सगळ्यांत धाडसाची गोष्ट असते, गड चढणे त्यामानाने सोपे.

सामानात फार काही लागत नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे जानेवारीत कानटोपी, स्वेटर आणि एक जाड पांघरूण हवे. पायात चप्पल नको, तळ धरणारे बूट हवेत. माणशी दोन लिटर पाणी, क्षारसंजीवनीची पाकिटे, बॅटरी, दोरी, पंक्चरचे सामान. शिदोरीला भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि निघताना शेतातून उपटलेला हिरव्या हरभऱ्याचा एक मोठा भारा. हा भारा विसरू नये. तो कशासाठी ते पुढे येईल.

रस्ता

उजाडताना निघावे. अंजनगाव सुर्जी, मग परतवाडा, तिथे नाश्ता, आणि मग घाट. गाडी चालवणारा दर तासाने बदलावा आणि मागे बसणाराही बदलावा, म्हणजे दिवसभरात प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी होते. हेल्मेट चौघांनाही. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची जी सवय आपल्या अनेकांना आहे, ती घाटात जिवावर बेतते. गाडी गिअरमध्ये ठेवावी, इंजिन तिला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. वळणावर माकडे असतात. त्यांना खायला देण्यासाठी थांबू नये.

पुढचा सगळा मुलूख मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा आहे. 1973 मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. इथे आपण पाहुणे आहोत. फाटकावर नोंद करावी, शुल्क भरावे, वनरक्षक जी वाट सांगेल तीच धरावी, आणि जी बंद आहे ती ओळखीच्या जोरावर उघडून घेऊ नये. जंगलात चूल पेटवायची नाही. वाटेत कोरकू आदिवासी बांधवांची गावे लागतात. कोणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नयेत. रस्ता विचारायचा झाला तर गाडी बंद करून, उतरून, 'दादा' किंवा 'बाई' म्हणून विचारावा. शहरातून आलेला पाहुणा आपल्या शेताच्या बांधावर गाडीत बसूनच खुणेने पत्ता विचारतो, तेव्हा आपल्याला कसे वाटते ते आठवावे.

पहिल्या संध्याकाळी काही 'बघायचे' ठरवू नये. भीमकुंडावर जावे. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले आणि इथे हात धुतले, म्हणून हा कीचकदरा, त्याचाच पुढे चिखलदरा झाला, अशी कथा आहे. ती एकाने दुसऱ्याला सांगावी. गवळ्याकडची रबडी खावी. लवकर झोपावे. कामे मात्र त्याच रात्री वाटून घ्यावीत, आणि ती रोज फिरती ठेवावीत. गावात असे होते की पाणी आणायला नेहमी एकच माणूस उठतो, ताटे नेहमी एकच जण विसळतो आणि चादर आधी कोणाला मिळेल हेही ठरलेले असते; हे जातीवरून, जमिनीवरून किंवा घराच्या उंचीवरून ठरलेले असते आणि ते कोणी बोलत नाही. प्रवासात तो नियम मोडण्याची संधी असते. पंधरा एकरवाल्याने भांडी घासावीत. त्याबद्दल भाषण करू नये, फक्त घासावीत.

गड

दुसरा दिवस पूर्ण गाविलगडाला द्यावा. चिखलदऱ्यापासून गड पायी जाण्याइतका जवळ आहे, म्हणून लोक तासाभरात दोन दरवाजे आणि एक तोफ पाहून फोटो काढून परततात. गड पसरट आणि मोठा आहे. शार्दूल दरवाजा, दिल्ली दरवाजा, पीर फत्ते दरवाजा, तलाव, ढासळलेली मशीद, तटाची लांबच लांब भिंत हे सगळे शांतपणे फिरायला सकाळपासून दुपार उलटेपर्यंतचा वेळ लागतो. वाघ-बिबट्याचे रान आहे, म्हणून उन्हे कलायच्या आत बाहेर पडावे. दरवाजांच्या कमानींत आणि कड्यांवर आग्या मोहोळे असू शकतात. बिडी, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

या गडाची एक हकिकत चढण्यापूर्वी माहीत असावी. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशाह वली याने इथे बांधकाम केले. पुढे गड नागपूरकर भोसल्यांकडे आला. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने त्याला वेढा घातला. वेलस्ली स्वतः दक्षिणेकडे होता, पण तिकडचा चढ इतका उभा की तिथून गड पडण्यासारखा नव्हता. उत्तरेला मात्र गड एका चिंचोळ्या पट्टीने पठाराला जोडलेला आहे. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी अचलपूरकडून डोंगराला वळसा घालून, रस्ता नव्हता तिथे तो स्वतः करत, तोफा ओढत त्या बाजूला पोचली, आणि 15 डिसेंबरला तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत शिरली. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. आमच्यातला शिक्षक मित्र म्हणतो की शाळेत आपण फक्त तलवारी शिकतो, रस्ता करणारी आणि तोफा ओढणारी माणसे शिकत नाही. मला हे पटते. तो हल्ला आपल्यावरचा होता ही गोष्ट वेगळी.

चालताना सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे आणि त्याला मागे टाकू नये. आपल्याकडे ताकदवान गडी पुढे निघून जातो, वर जाऊन बसतो, आणि मागचा धापा टाकत पोचला की लगेच उठतो, म्हणजे ज्याला विसाव्याची गरज त्यालाच तो मिळत नाही. हळू माणूस पुढे असला की चौघांना एकच लय लागते आणि बोलायला श्वास उरतो. दोघे दोघे चालावे, प्रत्येक विसाव्याला जोडी बदलावी. पुरुष समोरासमोर बसून फारसे बोलत नाहीत. नजरेला नजर आली की तो गप्प होतो किंवा विनोद करतो. शेजारी शेजारी चालताना, समोर वाट असताना, तो बोलतो. बांधावर दोघे निंदत असतानाही असेच होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

प्रश्न वस्तूंबद्दल विचारावा. "टेन्शन आहे का काही?" असे विचारले तर उत्तर "नाही गड्या" हेच येणार. "शेततळ्याचं काम कुठवर आलं?" "पोरीचा कॉलेजचा नंबर लागला का?" "दुकानाचं भाडं तेवढंच आहे का अजून?" असे विचारावे, आणि मग गप्प राहावे. हे गप्प राहणे सगळ्यांत कठीण. उत्तर ऐकताच आपण सल्ला द्यायला धावतो: अमुक बँकेत जा, तमुक साहेब ओळखीचा आहे. सल्ला दिला की समोरच्याचे बोलणे संपते.

हरभऱ्याच्या भाऱ्याचे काम इथे आहे. दुपारी सावलीत बसले की चौघांच्या मध्ये तो ठेवावा आणि घाटे सोलावेत. हाताला काम असले की तोंड सुटते. दोन वर्षांपूर्वी तलावाच्या काठी आम्ही असेच बसलो होतो. आमच्यातला सहा एकरवाला घाटे सोलत होता, पण दाणे खात नव्हता. दगडावर एका रेषेत मांडत होता. दहा-बारा दाण्यांची रेष झाली तेव्हा तिच्याकडेच बघत तो म्हणाला, "बैलजोडी इकली मी."

गावात त्याने सांगितले होते की तो भागीत ट्रॅक्टर घेतो आहे. आम्ही ते खरे मानले होते. कोणी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने मेकॅनिक मित्राने एवढेच विचारले, "कधी?"

"पोयाच्या आधी."

पोळ्याच्या दिवशी तो सासरी गेला होता, असे त्याने आम्हाला सांगितले होते. तोरणाखाली सगळ्या गावाच्या जोड्या उभ्या असताना तो नेमका कुठे होता, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. शिक्षकाने आपल्यापुढचे सोललेले दाणे उचलून त्याच्या हातात दिले, आणि या वेळी त्याने ते खाल्ले. तेवढेच घडले. संध्याकाळी गडाखाली उतरताना मात्र तो एकटाच माझ्यासोबत चालला आणि सावकाराचा आकडा त्याने सांगितला. तो माझ्या अर्जांतल्या कोणत्याही रकान्यात नव्हता.

रात्र, आणि दारू

या प्रवासात दारू नेऊ नये. मी कोणी माळकरी नाही आणि लोकांच्या ताटात डोकावत नाही. माझे कारण व्यवहाराचे आहे. प्यायल्यावर माणूस बोलतो, रडतोही, पण सकाळी "काल जास्त झाली होती" असे म्हणून सगळे परत घेतो, आणि ऐकणाराही ते परत देऊन टाकतो. शुद्धीत बोललेले परत घेता येत नाही. ज्यांना तीन दिवस न पिता राहवत नाही असे कळले, तर तेही त्या मित्राबद्दल कळलेले एक महत्त्वाचे काही समजावे. त्याला हसू नये. हात कापत असतील, घाम येत असेल, झोप उडाली असेल तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावे.

कधीतरी एखादा मित्र असे बोलतो की आपल्याला भीती वाटते: आता जगून काय करायचे, माझ्यामागे विमा तरी मिळेल, अशा अर्थाचे. वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला या वाक्यांचे वजन सांगावे लागत नाही. तेव्हा मात्र नुसते ऐकून भागत नाही. "जीव द्यायचा विचार येतो का?" असे सरळ आणि शांतपणे विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट लपवण्याचे ओझे कमी होते. त्याला एकटे सोडू नये, घरातल्या एका समजदार माणसाला सांगावे, आणि 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. परतल्यावर त्याच्यासोबत रुग्णालयातही जावे. अशा वेळी गुपित राखण्याचे वचन मोडले तरी चालते.

बाकी सर्व बाबतींत ते मोडायचे नाही. डोंगरात ऐकलेले पानठेल्यावर येता कामा नये, थट्टेतही नाही आणि बायकोजवळ सहज म्हणूनही नाही. आमच्या गावात बातमी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागतो. एकदा बाहेर पडले की तो माणूस पुढल्या वर्षी सोबत येतो, पण बोलत नाही.

परतताना

तिसऱ्या दिवशी घाईने गावी पोचू नये. सकाळी निघून घाट उतरावा, वेळ असेल तर मुक्तागिरीची मंदिरे पाहावीत, आणि परतवाड्याला चहाला थांबावे. पिशवीतले उरलेले पैसे तिथेच मोजून चार भाग करावेत, वहीतला हिशेब मोठ्याने वाचावा. पहिल्या वर्षी आमचे एकशे चाळीस रुपये उरले होते आणि माणशी पस्तीस परत देताना हसू आले होते, पण ज्याने घेतले त्याने ते नीट घडी करून खिशात ठेवले.

एकमेकांकडे जी कामे निघाली असतील ती त्याच टेबलावर वाटून घ्यावीत आणि त्यांना वार लावावा: सहा एकरवाल्यासोबत बँकेत कोण जाणार, पुण्याच्या मित्राला रविवारी रात्री फोन कोण करणार, रक्तदाब मोजायला दर महिन्याला सोबत कोण. आमच्यात बँकेचे काम माझ्याकडे आले, कारण कागद मला कळतात. मंगळवारी जायचे ठरले आणि आम्ही मंगळवारीच गेलो. पुढच्या वर्षीची तारीखही चहा संपण्यापूर्वी ठरवून वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी, कारण गावाची वेस ओलांडली की "बघू पुढं" सुरू होते, आणि 'बघू' म्हटलेली कोणतीही गोष्ट आमच्या गावात आजवर झालेली नाही.